पिंपात मुरलेली पीच कॉफी

कप नाकाजवळ नेला आणि पिकलेल्या पीचचा घमघमाट आला, तर कॉफी पिणारा माणूस आधी संशयाने पाकिटाकडे पाहतो. पाकिटावर ‘पीच को-फर्मेंट’ असं छापलेलं असतं आणि खाली क्विंदिओ, कोलंबिया. यात सरबत नसतं, इसेन्सही नसतं. निदान प्रामाणिक उत्पादकाच्या पाकिटात तरी. फळ घातलेलं असतं ते मळ्यावर, कॉफी वाळण्याच्या आधी.

कॉफीचं बी फळात असतं हे शहरात सहज विसरलं जातं. लाल सालीखाली गोड, बुळबुळीत गर असतो. तो सुटावा म्हणून साल काढलेल्या बिया टाकीत ठेवतात. साधारण १२ ते ३६ तासांत यीस्ट आणि जिवाणू गरातली साखर खातात, मग बिया धुऊन वाळवायच्या. बराच काळ हे आंबवणं म्हणजे साफसफाईचंच काम मानलं गेलं.

ही समजूत हलली ती २०१५ साली. सिएटलच्या जागतिक बरिस्ता स्पर्धेत ऑस्ट्रेलियाच्या साशा शेस्टिकने वाइनवाल्यांचं ‘कार्बोनिक मॅसरेशन’, म्हणजे हवाबंद भांड्यात कार्बन डायऑक्साइडमध्ये आंबवणं, कॉफीवर वापरलं आणि विजेतेपद पटकावलं. त्याची कॉफी कोलंबियातल्या कामिलो मेरिसाल्दे यांच्या मळ्यातली होती. त्यानंतर मळ्यांवर हवाबंद पिंपं दिसू लागली, आणि पिंप आलं की त्यात आणखी काय टाकता येईल हा प्रश्न ओघाने आलाच.

क्विंदिओतले हैरो आर्सिला आणि त्यांच्या मुलांची कोफिनेट ही कंपनी फळ घालून आंबवण्याच्या या प्रकारासाठी ओळखली जाते. रीत ढोबळमानाने अशी: पिकलेली चेरी (म्हणजे कॉफीचं अख्खं फळ) किंवा साल काढलेल्या बिया पिंपात भरायच्या, फळ घालायचं, बहुधा निवडक यीस्टही सोडायचं आणि झाकण लावायचं. झाकणाला एकेरी व्हॉल्व्ह असतो. आत तयार होणारा कार्बन डायऑक्साइड त्यातून बाहेर पडतो, बाहेरची हवा मात्र आत शिरत नाही. मिश्रणाची आम्लता आणि साखर मोजत राहायची. दिवस थोडे जास्त झाले तर व्हिनेगरचा वास चढतो आणि अख्खी बॅच वाया जाते, म्हणून पिंपं छोटी. शेवटी बियांतला ओलावा ११ टक्क्यांच्या आसपास येईपर्यंत सावकाश वाळवण.

एवढा खटाटोप कशासाठी? २०१८ मध्ये न्यूयॉर्कच्या बाजारात कॉफी पौंडाला एक डॉलरच्याही खाली घसरली होती. पनामातल्या बोकेतेसारखी उंची आणि गेशासारखी नामांकित जात ज्यांच्याकडे आहे त्यांचं भागतं. कास्तियो किंवा कातुर्रासारख्या नेहमीच्या जाती लावणाऱ्याने भाव मागायचा तो कशाच्या जोरावर? त्याच्या हातात उरतं ते पिंप.

टीकाकारांचा एक आक्षेप मात्र खोडता येत नाही. पीचची चव एकदा वर चढली की कॉफी कोणत्या डोंगरावरची हे जिभेला कळत नाही. दोन वेगळ्या मळ्यांचे कप जुळ्या भावंडांसारखे लागतात. वाद विकोपाला जातो तो फळ लपवल्यावर. फळ घालून वर ‘हा सगळा आंबवण्याचा चमत्कार’ असं सांगणं ही ग्राहकाची फसवणूक आहे, आणि एखाद्या फळाची ॲलर्जी असणाऱ्याला ती महागात पडू शकते. पाकिटावर फळाचं नाव असेल तर तक्रारीला जागा नाही. आवडली तर प्यावी.

पिताना मात्र फिल्टर कापीची सवय बाजूला ठेवावी लागते. हे सुवास नाजूक असतात, म्हणून रोस्टर अशा बिया हलक्याच भाजतात. दुधात सुवास दबतो आणि उरते ती आंबूस चव.

भारतात चिकमगळूरकडच्या काही मळ्यांनी हवाबंद आंबवणं केव्हाच आपलंसं केलं आहे, आणि मुंबई-पुण्याच्या रोस्टरांकडे ती पाकिटं मिळतात. महाराष्ट्रात कॉफी पिकते ती अमरावती जिल्ह्यातल्या चिखलदऱ्याला, तीही थोडकी. त्याच जिल्ह्यात वरूड-मोर्शीच्या संत्र्याच्या बागा आहेत. आंबिया बहाराची संत्री दिवाळीच्या आगेमागे उतरू लागतात आणि अरेबिकाची तोडणीही साधारण नोव्हेंबरातच सुरू होते. पिंप तेवढं कुणीतरी आणायला हवं.