खुदरी, मळ्या आणि खेकड्याचं आतडं

मुंबई सरकारनं १८२४ मध्ये दख्खनची आकडेवारी गोळा करायला विल्यम हेन्री साइक्सला नेमलं. त्यानं आकडे जमवलेच, पण नद्यांतले मासेही जमवले. १८३९ मध्ये त्यांना शास्त्रीय नावं देताना इथल्या लोकांच्या तोंडचे शब्द त्यानं तसेच ठेवले: खुदरी, मळ्या, शिंगटी. मुळा-मुठेतला खुदरी हा महसीर मासा आज जगभर ‘टॉर खुदरी’ म्हणूनच ओळखला जातो. दख्खनच्या बिळं करणाऱ्या खेकड्यांवर तर साइक्सनं त्याआधीच, १८३६ मध्ये लिहिलं होतं. कोणता मासा कोणाहून वेगळा, हे जाळं टाकणाऱ्यांना आधी ठाऊक होतं, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

एकाच जातीतही सगळे मासे सारखे नसतात. मळ्याच्या भाईबंदांच्या नाकाडावरच्या पुटकुळ्या वयाप्रमाणे आणि नर-मादीप्रमाणे कमी-जास्त होतात. नुसत्या रूपावर विसंबलं तर एका जातीच्या दोन होतात, नाहीतर दोहोंची एक. म्हणून खवले आणि परांतले काटे मोजण्याच्या जोडीला आता डीएनए तपासतात. पश्चिम घाटातल्या गोड्या पाण्यातल्या माशांच्या २८८ जाती २००४ च्या एका आढाव्यात नोंदल्या गेल्या. त्यांतल्या ११८ इथल्याच, बाहेर कुठे नाहीत.

जातीजातींतला फरक दुर्लक्षिला की काय होतं, ते कावेरीनं दाखवलं. लोणावळ्याच्या मत्स्यबीज केंद्रात खुदरीची पैदास साधली, हे खरोखर मोठं काम होतं. मग त्याची पिल्लं दूरदूरच्या नद्यांत सोडली गेली, कावेरीतही. तिथे पाठीला कुबड असलेला अजस्र महसीर राहत होता. इंग्रज शिकारी गळ टाकून त्याला पकडत आले, पण शास्त्रात त्याची ओळख पक्की नव्हती. खुदरी वाढत गेला तसा हा कुबडवाला महसीर घटत गेला. तो ‘टॉर रेमादेवी’ आहे, हे ठरायला २०१८ उजाडलं. त्याच वर्षी अतिसंकटग्रस्त म्हणून त्याची नोंद झाली.

खेकड्यांचं नामकरण तर अजून चालूच आहे. ‘घाटियाना’ ही घाटावरून नाव पडलेली प्रजाती (जीनस) २०१४ मधली. पण खेकड्याची ओळख त्याच्या पाठीच्या कवचावर संपत नाही. त्याच्या आतड्याच्या पुढच्या आणि मागच्या भागाला आतूनही कवचातल्याच कायटिनचं अस्तर असतं. खेकडा कात टाकतो तेव्हा तेही गळतं, आणि त्याला चिकटलेले जिवाणूही त्याबरोबर जातात. दर कातीला तिथली वस्ती नव्यानं बसते! कवचातलं कायटिन खाणारे जिवाणू निराळेच. ते माजले की कवचावर काळे खड्डे पडतात.

काही जिवाणू तर खेकड्याच्या जिवावरच उठतात. चीनमध्ये केसाळ नांग्यांच्या खेकड्यांची मोठी शेती होते. तिथे पाय थरथरून खेकडे मरू लागले, तेव्हा आधी विषाणूवर आणि रिकेट्सियासारख्या जंतूंवर संशय गेला. अपराधी निघाला मळसूत्रासारखा वळलेला एक सूक्ष्म जिवाणू, स्पायरोप्लाझ्मा. २०११ मध्ये त्याला त्या खेकड्याचंच नाव जोडलं गेलं. पेनिसिलिन जिवाणूच्या पेशीभित्तीवर घाव घालतं. स्पायरोप्लाझ्माला ती भिंतच नाही, म्हणून पेनिसिलिन त्याच्यापुढे कुचकामी.