सूक्ष्माचा शोध, लेखांक ६ : नकाशाबरोबर कच्ची चित्रंही हवीत

मागच्या आठवड्यात आपण सूक्ष्मदर्शकाखालच्या सपाट चित्रांबद्दल वाचलं. आता त्यापुढचा प्रश्न. एखाद्या प्रयोगशाळेने पेशीतल्या एखाद्या घटकाचं त्रिमितीय चित्र तयार केलं, तर जगाला काय द्यायचं? शोधनिबंधातली एक रंगीत आकृती पुरेशी आहे का?

माझं उत्तर ठाम ‘नाही’ असं आहे आणि वडोदऱ्याच्या वाचकाला त्यामागचा विचार लगेच पटेल. लहरीपुरा दरवाजातून आत शिरून मांडवीच्या दिशेने निघालं की जवळच सेंट्रल लायब्ररी आहे. सयाजीराव महाराजांनी १९१० मध्ये विल्यम बॉर्डन या अमेरिकी ग्रंथपालाला बोलावलं आणि संस्थानात गावोगाव मोफत वाचनालयं उभी राहू लागली. दुसऱ्याने सांगितलेल्या सारांशावर न थांबता सामान्य माणसाला मूळ पुस्तक स्वतः उघडता येऊ लागलं. त्रिमितीय चित्रांच्या बाबतीत हेच व्हायला हवं आणि काही ठिकाणी ते झालंही आहे.

वडोदऱ्यातच वाढलेल्या एका विद्यार्थ्याचं काम त्याची साक्ष देतं. व्यंकी रामकृष्णन यांच्या वडिलांनी महाराजा सयाजीराव विद्यापीठात जीवरसायनशास्त्राचा विभाग उभा केला. व्यंकींनी त्याच विद्यापीठातून १९७१ मध्ये भौतिकशास्त्राची पदवी घेतली. त्याच वर्षी अमेरिकेत ब्रूकहेवनच्या राष्ट्रीय प्रयोगशाळेत ‘प्रोटीन डेटा बँक’ सुरू झाली. सुरुवातीला तिच्यात जेमतेम सात रेणूंच्या रचना होत्या, आज दोन लाखांहून अधिक आहेत. पेशीत प्रथिनं घडवणाऱ्या रायबोसोमचा लहान भाग रामकृष्णन यांच्या गटाने २००० साली अणूंच्या पातळीवर उलगडला आणि २००९ मध्ये टॉमस स्टाइट्झ व आडा योनाथ यांच्यासह त्यांना नोबेल मिळालं. त्या रचनेतल्या प्रत्येक अणूची जागा या बँकेत नोंदलेली आहे. कुणीही, कुठूनही, पैसे न भरता ती बघू शकतो.

पण अणूंच्या जागा म्हणजे कामाचा शेवटचा टप्पा. त्याआधी काय घडतं ते क्रायो-इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शनात चांगलं कळतं. द्रवातले रेणू निमिषार्धात गोठवून काचेसारख्या पातळ बर्फात अडकवतात आणि त्यांवर इलेक्ट्रॉनचा झोत सोडतात. मिळणारी चित्रं फिकट आणि कण्याकण्यांची असतात. इलेक्ट्रॉनमुळे रेणू मोडू नये म्हणून झोत मुद्दाम मंद ठेवावा लागतो. प्रत्येक चित्रात रेणू वेगळ्याच बाजूने पडलेला असतो. संगणक एकेका चित्राचा कोन हुडकतो, हजारो चित्रं एकत्र करतो आणि त्यातून घनतेचा त्रिमितीय नकाशा तयार होतो. या पद्धतीला २०१७ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं.

हा नकाशा म्हणजे आकड्यांनी भरलेला ठोकळा. अवकाशातल्या प्रत्येक बारीक घनाला एक आकडा: इथे द्रव्य किती दाट. त्याला पृष्ठभाग द्यायचा तर माणसाला ठरवावं लागतं की अमुक आकड्याच्या वरचं तेवढं दाखवायचं. हा उंबरठा वर नेला की रेणूचे हलते, नाजूक भाग नाहीसे होतात. खाली आणला की निव्वळ गोंगाट, म्हणजे चित्रातले निरर्थक ठिपके, मांसल होऊन रेणूला चिकटलेला दिसतो. छापील आकृतीत हा निर्णय आधीच झालेला असतो आणि वाचकाला त्याचा पत्ताही नसतो. एखादं औषध रेणूच्या खाचेत खरंच बसलंय की तिथे फक्त गोंगाटाचा गोळा आहे, याचा निवाडा याच उंबरठ्यावर अवलंबून असू शकतो. म्हणून नकाशाच वाचकाच्या हाती द्यायला हवा, म्हणजे उंबरठा त्याला स्वतः सरकवून बघता येईल. असे नकाशे २००२ पासून ‘ईएमडीबी’ या संग्रहात जमा होतात.

मला याहून मोलाचा वाटतो तो ‘एम्पायर’ हा संग्रह. केंब्रिजजवळच्या युरोपीय जैवमाहिती संस्थेत तो चालतो आणि त्यात कच्ची चित्रं ठेवली जातात. त्यातली १००२८ क्रमांकाची नोंद अभ्यासकांच्या तोंडी सतत असते. फाल्सिपॅरम मलेरियाच्या परजीवीचा रायबोसोम आणि त्याला चिकटलेलं एमेटिन हे औषध यांची ही चित्रं आहेत. एमेटिन म्हणजे आवेवर पूर्वी ज्याची इंजेक्शनं देत तेच. २०१४ च्या निबंधात या चित्रांतून १,०५,२४७ कण, म्हणजे सुट्या रायबोसोमच्या छबी, निवडून ३.२ आंगस्ट्रॉम इतका बारकावा गाठला होता. नुसती छाटलेली कणचित्रंच सुमारे पन्नास जीबी भरतात.

तो निबंध लिहिणाऱ्या गटाने ती सगळी खुली केली. मग नवीन आज्ञावली लिहिणारा जो तो आपलं काम याच चित्रांवर तपासू लागला. २०२१ मध्ये एमआयटीच्या गटाने ‘क्रायोड्रॅगन’ ही न्यूरल नेटवर्कची पद्धत त्यांवर चालवली. तेव्हा लहान भाग किंचित फिरलेले आणि त्याच भागाच्या ‘डोक्या’चा मागमूस नसलेले रायबोसोमही त्याच गर्दीत सापडले. सगळ्या कणांची सरासरी काढल्यावर हे वेगळेपण बुजून जातं. चित्रं तीच होती, नवा प्रयोग झालेला नव्हता. मूळ गटाने फक्त नकाशा देऊन कच्ची चित्रं कपाटात ठेवली असती, तर ते रायबोसोम तिथेच पडून राहिले असते.

एवढा पसारा घरच्या संगणकावर उघडायचा कसा? मोबाइलवरच्या नकाशात आपण जिथे बोट ठेवतो तेवढाच तुकडा उतरतो. त्रिमितीय चित्रांसाठीही आता तीच युक्ती वापरतात: चित्राचे लहान ठोकळे करायचे, प्रत्येकाच्या ढोबळ ते बारीक अशा आवृत्त्या ठेवायच्या आणि पाहणाऱ्याला लागेल तेवढंच पाठवायचं. ओएमई-झार ही मांडणी यासाठीच आहे. मद्रास आयआयटीने २०२४ मध्ये गर्भातल्या बाळाच्या मेंदूचा ‘धरणी’ हा त्रिमितीय संग्रह पाच हजारांहून अधिक कापांवरून तयार करून सर्वांना खुला केला, तोही ब्राउझरमध्ये पाहता येतो. फरिदाबादला २०२२ पासून भारतीय जैवविदा केंद्र सुरू आहे. साठवायला जागा नाही, ही सबब त्यामुळे लंगडी पडत चालली आहे.

आपल्याकडच्या संशोधकांना माझी विनंती आहे की निबंध छापून आला की त्याच आठवड्यात कच्ची चित्रं संग्रहात जमा करा, सोबत सूक्ष्मदर्शकाची मांडणी आणि चित्राच्या एका बिंदूचं मोजमाप लिहा. मोजमापाशिवाय ती चित्रं दुसऱ्याच्या उपयोगाची नाहीत. आणि विद्यार्थ्यांनो, ईएमडीबीच्या संग्रहात २६६० हा क्रमांक शोधा. मलेरियाच्या रायबोसोमचा तोच नकाशा उघडेल. उंबरठ्याची पट्टी स्वतः सरकवा आणि कोणता भाग कधी नाहीसा होतो ते वहीत टिपून ठेवा. पुढच्या लेखांकात टोमोग्राफीकडे वळताना ती टिपणं लागतील.