कायद्याने उभी राहिलेली फौज

फिनलंडची लोकसंख्या जेमतेम 56 लाख, आणि रशियाला लागून असलेली सीमा 1,300 किलोमीटरहून लांब. ती राखायला पुरेल एवढी खडी फौज बारमाही पोसणे या देशाला झेपणारे नाही. म्हणून त्याने राखीव सेनेचा मार्ग धरला. कायद्याने पुरुषांना 165, 255 किंवा 347 दिवस लष्करी सेवा करावी लागते. ती संपली की तरुण आपल्या कामधंद्याला लागतो, पण राखीव यादीतले त्याचे नाव पुढची कित्येक दशके कायम राहते. युद्ध आलेच, तर 2,80,000 सैनिक उभे करण्याची तयारी या यादीच्या बळावर केलेली आहे. या सेनेचे खरे सामर्थ्य संख्येपेक्षा पूर्वतयारीत आहे: कोणी, कोणते काम करायचे हे संकट येण्याआधीच ठरलेले असते.

1939 च्या शरद ऋतूत या व्यवस्थेची कसोटी लागली. सोव्हिएत संघाने प्रदेशाची मागणी केली आणि मॉस्कोत वाटाघाटी सुरू झाल्या. फिनलंडने ऑक्टोबरमध्येच राखीव सैनिकांना ‘जादा सरावा’साठी बोलावून घेतले. त्यामुळे 30 नोव्हेंबरला लाल सेनेने हल्ला केला तेव्हा कारेलियाच्या संयोगभूमीवर संरक्षणासाठी सैन्य आधीच हजर होते. अर्धवट शिकलेले नागरिक कसलेल्या सैन्यापुढे काय टिकणार, या आक्षेपाला त्या हिवाळ्यातले 105 दिवस उत्तर देतात. आपल्याच मुलखातली जंगले आणि बर्फ ओळखणारी, स्कीवरून वावरणारी ही माणसे बचावाच्या लढाईत फार उपयोगी पडली. मात्र त्याची किंमत जबर होती. तुकड्या प्रदेशवार उभ्या केल्यामुळे एकाच चकमकीत एकाच गावातली अनेक घरे उजाड होत. सुमारे 25,000 फिन मारले गेले, देशाचा दहावा हिस्सा गेला आणि चार लाखांवर लोक विस्थापित झाले. तरीही स्वातंत्र्य टिकले.

सक्ती आणि स्वातंत्र्य यांचा मेळ कसा घालायचा, हा दुसरा आक्षेप अधिक खोल आहे. विवेकबुद्धीला शस्त्र मान्य नसलेल्यांसाठी तिथे 347 दिवसांची नागरी सेवा आहे. तीही नाकारली तर तुरुंगवास होऊ शकतो. सक्ती फक्त पुरुषांवर आहे, स्त्रिया 1995 पासून स्वेच्छेने दाखल होतात. ही विषमता खरी आहे आणि तिचे समर्थन करणे अवघड आहे. पण सक्ती काढून टाकल्याने ओझे नाहीसे होत नाही. बहुधा ते ज्यांना पगाराची निकड आहे अशा तरुणांच्या खांद्यावर जाते. भारताची प्रादेशिक सेना 1948 च्या कायद्याने उभी असली तरी स्वयंसेवकांवर चालते, कारण आपल्यामागे मोठी खडी फौज आहे. त्यामुळे फिनलंडचा नमुना जसाच्या तसा उचलण्याजोगा नाही. त्यातले तत्त्व मात्र घेण्याजोगे आहे: लहान राष्ट्राला संरक्षणाचा भार वाहायचा असेल तर तो शांततेच्या काळात, संसदेत, सर्वांसमक्ष वाटून घ्यावा. आक्रमण झाल्यावर घाईने केलेली भरती त्याहून अधिक निष्ठुर आणि कमी न्याय्य ठरते.