वाशिमचे दात कुणी मोजलेत?

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९-२१ मध्ये, देशातल्या प्रत्येक जिल्ह्याचं एक माहितीपत्रक निघालं. वाशिमचंही आहे. त्यात शंभराहून अधिक निर्देशांक आहेत: किती बाळंतपणं दवाखान्यात झाली, किती बाळांना सगळ्या लसी मिळाल्या, किती बायकांच्या अंगात रक्त कमी आहे. तोंडाशी संबंध असलेल्या गोष्टी मात्र त्यात दोनच सापडतात. पंधरा वर्षांवरचे किती स्त्री-पुरुष तंबाखू वापरतात, आणि तिशी ते एकोणपन्नाशीतल्या किती बायकांची तोंडाच्या कर्करोगासाठी कधी तपासणी झाली. किडलेल्या दाढा, रक्त येणाऱ्या हिरड्या यांच्याबद्दल एक ओळ नाही. २०१८ मध्ये नीती आयोगाने आकांक्षित जिल्हे निवडले तेव्हा महाराष्ट्रातून नंदुरबार, उस्मानाबाद आणि गडचिरोलीबरोबर वाशिमचं नाव आलं. या जिल्ह्यांची प्रगती ४९ निर्देशांकांवर तपासली जाते. त्यांतही दात नाहीत. सरकारी कामात जे मोजलं जात नाही त्याला निधी मिळत नाही, माणूस मिळत नाही आणि बैठकीत त्याचा विषयही निघत नाही. म्हणून माझं म्हणणं असं, की वाशिमला आणखी एका दंतशिबिराआधी दातांच्या नीट मोजणीची गरज आहे, आणि ही मोजणी जिल्ह्याच्या आवाक्यातली आहे.

यावर पहिला प्रश्न येईल तो शिबिरांचाच. गावोगावी दंत तपासणी शिबिरं होतात, दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात आकडा येतो, मग वेगळं मोजायचं कशाला? शिबिर उपयोगी असतं, त्यात वाद नाही. पण शिबिरातला आकडा गावाचा नसतो. ज्याची दाढ ठणकते तो शिबिराला येतो. ज्याला त्रास नाही तो शेतात जातो. ज्याला खरोखर त्रास आहे पण मजुरी बुडवणं परवडत नाही, तोही येत नाही. त्यामुळे तपासलेल्या शंभरांपैकी ऐंशी जणांचे दात किडके निघाले, तर त्यावरून गावातल्या शंभर जणांबद्दल काहीच सांगता येत नाही. संशोधनाची पहिली पायरी इथेच आहे: कुणाला तपासायचं हे तपासणाऱ्याने किंवा येणाऱ्याने न ठरवता चिठ्ठीने ठरवायचं. १ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वेगळ्या झालेल्या या जिल्ह्यात सहा तालुके आहेत: वाशिम, रिसोड, मालेगाव, मंगरुळपीर, कारंजा आणि मानोरा. २०११ च्या जनगणनेनुसार लोकसंख्या सुमारे १२ लाख, आणि पाचांतले चार जण खेड्यात राहणारे. प्रत्येक तालुक्यातली दोन गावं चिठ्ठीने काढली आणि वाशिम व कारंजा ही दोन शहरं धरली, तर चौदा ठिकाणं होतात. जागतिक आरोग्य संघटनेची जी सोपी सर्वेक्षण पद्धत आहे, तिला दहा ते पंधरा ठिकाणं आणि प्रत्येक ठिकाणी एका वयोगटातले पंचवीस ते पन्नास जण पुरतात. चाळीस धरले, तर बारा वर्षांची ५६० मुलं होतात. एका पथकाने रोज तीस मुलं तपासली तरी वीस दिवसांच्या आत काम संपतं.

बारा वर्षंच का? या वयापर्यंत अक्कलदाढा सोडल्या तर कायमचे सगळे, म्हणजे अठ्ठावीस दात बहुतेक मुलांना आलेले असतात, आणि मूल अजून शाळेत सापडतं. आपल्याकडे ते सहावी-सातवीत असतं, बहुतेकदा गावच्या जिल्हा परिषद शाळेतच. मोठ्यांसाठी पस्तीस ते चव्वेचाळीस हा गट घेतात, कारण हिरड्यांचे विकार आणि तंबाखूच्या खुणा त्या वयात दिसू लागतात. मात्र या गटाला गाठायचं तर पीकपाणी पाहूनच दिवस ठरवावे लागतील. सोयाबीनच्या काढणीत सकाळी दहा वाजता घरोघर फिरलं तर म्हातारी माणसं आणि लहान मुलंच भेटतील, आणि मोजणी पुन्हा शिबिरासारखीच एकांगी होईल. मजुरीसाठी बाहेर गेलेल्या कुटुंबांची मुलं हजेरीपटावर असतात, वर्गात नसतात. त्यांची नोंद ‘गैरहजर’ म्हणून करून पुढे जाणं सर्वांत सोपं, आणि सर्वांत चुकीचं, कारण दातांचे हाल त्यांच्यातच जास्त असण्याची शक्यता असते. त्यांच्यासाठी दुसरी फेरी ठेवावीच लागते.

प्रत्यक्ष तपासणी किती साधी असते, ते पाहण्यासारखं आहे. मूल खिडकीकडे तोंड करून खुर्चीवर बसतं. तपासणारा तोंडातला छोटा आरसा आणि टोकाला बारीक गोळी असलेली सळई घेऊन वरच्या उजव्या दाढेपासून क्रमाने एकेक दात पाहतो आणि प्रत्येकाचा आकडा मोठ्याने सांगतो: निरोगी असेल तर शून्य, किडलेला असेल तर एक, भरलेला असूनही पुन्हा किडला असेल तर दोन, नीट भरलेला तीन, किडीमुळे काढलेला चार. शेजारी बसलेला माणूस तक्त्यात ते आकडे लिहितो. नंतर किडलेले, काढलेले आणि भरलेले दात मिळून एका मुलामागे किती, याची सरासरी काढतात. अमेरिकेत क्लाइन आणि पामर यांनी १९३८ मध्ये ही मोजपट्टी पुढे आणली आणि आजही जगभर तीच चालते. तिची खरी ताकद सरासरीच्या पोटात असते. समजा, दोन जिल्ह्यांत सरासरी दोनच दात बिघडलेले निघाले, पण एकात ते दोन्ही भरलेले आहेत आणि दुसऱ्यात दोन्ही उघडे किडलेले. पहिल्या जिल्ह्यात रोग आहे, पण उपचार पोचले आहेत. दुसऱ्यात रोग तेवढाच, पण मुलांपर्यंत कुणी पोचलेलंच नाही. दोघांची गरज वेगळी, खर्चाची दिशाही वेगळी. शिवाय सरासरी फसवतेही. निम्म्या मुलांचा एकही दात किडलेला नसतो आणि थोड्या मुलांच्या तोंडात सगळी कीड साठलेली असते. म्हणून सर्वाधिक बिघाड असलेल्या एक-तृतीयांश मुलांची सरासरी वेगळी काढायची पद्धत २००० साली सुचवली गेली. माझ्या मते वाशिमसारख्या जिल्ह्याने हाच आकडा ठळक छापावा.

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे: दात पाहणं हे दंतवैद्याचं काम, ते इतरांवर कसं सोपवायचं? इथे डेंटल हायजिनिस्ट या फारशा परिचित नसलेल्या व्यवसायाकडे पाहायला हवं. भारताच्या १९४८ च्या दंतवैद्य कायद्यात त्याची व्याख्या होती. दात साफ करणं, त्यावरचं कीटण काढणं, पॉलिश करणं आणि दातांच्या निगेचं शिक्षण देणं हे त्याचं काम. अमेरिकेतल्या ब्रिजपोर्ट शहरात डॉ. आल्फ्रेड फोन्स यांनी १९१३ मध्ये अशा कर्मचाऱ्यांचा पहिला वर्ग सुरू केला, आणि शिकून तयार झालेल्या स्त्रिया लगेच शहरातल्या शाळांमध्ये कामाला लागल्या. म्हणजे हा व्यवसाय जवळपास जन्मापासून शाळेशी आणि समाजाशी जोडलेला आहे. आपल्याकडे तो दवाखान्यातल्या खुर्चीपाशी अडकला आणि तिथेही फार वाढला नाही. त्याच्या अभ्यासक्रमात सार्वजनिक आरोग्य आणि संशोधनाच्या मूलभूत पद्धती असतात, त्या परीक्षेपुरत्या राहू नयेत. निदान आणि उपचार दंतवैद्याचेच. पण ठरलेल्या व्याख्येनुसार दात पाहून नोंद करणं प्रशिक्षित हायजिनिस्टला नक्कीच जमतं, आणि हायजिनिस्ट नसेल तिथे समुदाय आरोग्य अधिकाऱ्यालाही शिकवता येतं.

तरी ‘जमतं’ हा शब्द पुराव्याशिवाय मान्य करू नये, आणि तो पुरावा मिळवायची रीतही ठरलेली आहे. दोन तपासनीसांनी तीच मुलं एकमेकांचं न पाहता तपासायची आणि मेळ बसतो का ते पाहायचं. इथे एक फसगत होते. समजा, दोघेही दर शंभर दातांपैकी नव्वद निरोगी म्हणतात. तोंडात न बघता, नुसत्या अंदाजाने आकडे सांगितले तरी त्यांचं चाळीस-पन्नास नव्हे, तर तब्बल ८२ दातांवर एकमत होईल. तेव्हा ‘आमचं ८८ टक्के जुळतं’ हे ऐकायला छान वाटलं, तरी योगायोगाच्या वर त्यांनी कमावलं ते सहाच, कमावता आले असते अठरा. म्हणजे खरी जुळणी एक-तृतीयांश. अशा पथकाला गावात पाठवू नये, पुन्हा शिकवायला बसवावं. हा हिशेब वहीच्या एका पानावर होतो आणि तो दंतवैद्यांनाही तितकाच लागू आहे, कारण पदवीमुळे दोन माणसांची नजर आपोआप एक होत नाही.

दंतवैद्य नसलेल्यांनी तोंड तपासण्याचा सर्वांत मोठा दाखला आपल्याच देशातला आहे. केरळात तिरुवनंतपुरम जिल्ह्यात १९९६ पासून तेरा पंचायतींमधल्या सुमारे १ लाख ९० हजार प्रौढांचा अभ्यास झाला. त्यांपैकी सात पंचायतींत प्रशिक्षित आरोग्य कार्यकर्त्यांनी घरोघर जाऊन नुसत्या नजरेने तोंडं तपासली, सहा पंचायती तुलनेसाठी नेहमीच्या सेवेवर राहिल्या. २००५ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष आले: तंबाखू किंवा दारूचं सेवन करणाऱ्यांमध्ये तोंडाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू ३४ टक्क्यांनी घटले. सगळ्या लोकसंख्येत मिळून दिसलेली घट मात्र योगायोगाच्या पलीकडची म्हणण्याइतकी ठोस नव्हती. हा दुसरा निष्कर्षही तितकाच मोलाचा आहे, कारण तपासणी कुणावर एकवटायची हे तो सांगतो. महाराष्ट्रालाही ही परंपरा नवी नाही. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत, म्हणजे भौतिकशास्त्रासाठी ओळखल्या जाणाऱ्या संस्थेत, दंतसंशोधनाचा एक विभाग होता. डॉ. फली मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुणे जिल्ह्यातल्या १,०१,७६१ खेडूतांची तोंडं तपासून १९७२ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. पन्नास वर्षांपूर्वी लाखभर माणसं तपासता आली, तर आज वाशिममध्ये ५६० मुलं तपासणं अवघड म्हणता येणार नाही.

‘दातांनी कुणी मरत नाही’ हे वाक्य आरोग्य खात्यात आणि घरातही ऐकू येतं. तंबाखूच्या मुलखात ते सरळ खोटं आहे. २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रातले २६.६ टक्के प्रौढ तंबाखू वापरणारे निघाले. ओढणारे त्यांत थोडे, ३.८ टक्के, बाकी सारी तंबाखू तोंडात ठेवली जाते. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे, तरी तंबाखू-चुना आणि विदर्भातला खर्रा चालूच आहे. सुपारीमुळे गालाची आतली त्वचा ताठर होत जाते आणि तोंड उघडेनासं होतं. स्वतःची तीन बोटं उभी धरून दातांमध्ये जात नसतील, तर तपासणी करून घ्यायलाच हवी. मरण बाजूला ठेवलं तरी ठणकणाऱ्या दाढेने मुलाची झोप आणि शाळा बुडते, मोठ्याची मजुरी जाते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या अहवालानुसार जगातल्या सुमारे साडेतीनशे कोटी लोकांना तोंडाचा कुठला ना कुठला विकार आहे.

राहिला पैशाचा मुद्दा: मोजण्यावर खर्च करण्यापेक्षा उपचारच का करू नयेत? कारण चुकीचा उपायही पैसे खातो, कधी नुकसान करतो. फ्लोराइडचंच घ्या. पाण्यात ते बेताचं असेल तर दात किडण्यापासून वाचतात, जास्त झालं तर दातांवर डाग पडतात आणि पुढे हाडंही धरतात. भारतीय मानकात लिटरला १ मिलिग्रॅमची मर्यादा आहे, दुसरा स्रोतच नसेल तर १.५ पर्यंत चालवून घेतात. शेजारच्या यवतमाळमधल्या काही गावांनी जास्त फ्लोराइडचे परिणाम भोगले आहेत. बोअरवेलचं पाणी गावागणिक बदलतं. दात आणि पाणी दोन्ही तपासल्याशिवाय कुठल्या गावाला फ्लोराइड द्यायचं आणि कुठल्या गावाचं कमी करायचं, हे कुणी सांगू शकत नाही. जनजागृतीचंही तेच. २०२३ मध्ये राज्याने स्वच्छ मुख अभियान सुरू केलं, सचिन तेंडुलकर त्याचा चेहरा झाले. चांगलं झालं. पण वाशिमच्या मुलांमध्ये त्याने काय फरक पडला, हे आधीचा आकडा हातात असेल तरच कळेल. आणि आधीचा-नंतरचा आकडाही पुरेसा नाही. जिथे कार्यक्रम अजून पोचला नाही अशी काही गावं तुलनेला हवीत, नाहीतर बाजारातली स्वस्त टूथपेस्ट आणि आपली पत्रकं यांचं श्रेय वेगळं करता येणार नाही.

मोजणीची एक अट मात्र मोडता कामा नये. आईवडिलांची संमती घेतल्याशिवाय मुलाच्या तोंडात आरसा घालायचा नाही, आणि ज्याच्या तोंडात पांढरा चट्टा किंवा पू दिसला त्याला त्याच दिवशी चिठ्ठी देऊन दवाखान्यात पाठवायचं. तिथे तो पोचला का, याचीही नोंद ठेवायची. नुसते आकडे घेऊन निघून जाणारं पथक गावाला लुबाडतं.

यासाठी नवी यंत्रणा उभारायला नको. ६ फेब्रुवारी २०१३ रोजी आपल्याच राज्यात, पालघरला सुरू झालेला राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम वर्षातून एकदा शाळेत आणि दोनदा अंगणवाडीत पथक पाठवतो, आणि त्याच्या तीस आजारांच्या यादीत दातांचे विकार आहेत. आशाताई तिशीवरच्यांचा जो फॉर्म भरतात, त्यात तोंड नीट उघडतं का, तोंडात बरा न होणारा व्रण आहे का, हे प्रश्न आधीपासून आहेत. जिल्हा परिषदेच्या आरोग्य विभागाने एक हायजिनिस्ट, एक दंतवैद्य आणि वीस दिवस द्यावेत, आणि निघालेला आकडा तालुकावार जाहीर करावा. वाचकांपैकी जे मुख्याध्यापक, शाळा व्यवस्थापन समितीचे सदस्य किंवा ग्रामपंचायत सदस्य असतील, त्यांनी पुढच्या वेळी पथक शाळेत येईल तेव्हा तीन प्रश्न लेखी विचारावेत: किती मुलांचे दात तपासले, किती किडलेले निघाले, आणि मागच्या वर्षी पाठवलेल्यांपैकी किती जणांवर उपचार झाले?