९६०० बॉडने यवतहून

१९८१ या एकाच वर्षात तीन गोष्टी जगापुढे आल्या. सप्टेंबरात अमेरिकेत आयपी आणि टीसीपी यांची नियमावली प्रसिद्ध झाली. तिच्यात पुढे भर पडत गेली, तरी इंटरनेटचा मूळ ढाचा आजही तोच आहे. त्याच वर्षी हेज कंपनीने स्मार्टमोडेम आणला आणि कॉम्प्युटरने मोडेमला हुकूम कसे द्यायचे याची रीत पडली. डिसेंबरात केंब्रिजच्या एकॉर्न कंपनीने बीबीसी मायक्रो हा घरगुती कॉम्प्युटर बाजारात आणला. चाळीसहून अधिक वर्षांनंतर दौंड तालुक्यातल्या यवतसारख्या गावी, एखाद्या घरातल्या टेबलावर, या तिन्ही गोष्टी एकत्र नांदू शकतात. त्यासाठी लागणारी वायफायची चिप काहीशे रुपयांत मिळते.

बीबीसी मायक्रो आपल्याकडे परका नाही. केंद्र सरकारने १९८४मध्ये शाळांसाठी ‘क्लास’ हा संगणक-साक्षरता प्रकल्प सुरू केला. २५० शाळांपासून सुरुवात झाली आणि त्यासाठी निवडलेलं यंत्र हेच होतं. चंदीगडजवळच्या सेमीकंडक्टर कॉम्प्लेक्सने ते ‘युनिकॉर्न’ या नावाने भारतातही तयार केलं. त्यातला ६५०२ प्रोसेसर २ मेगाहर्ट्झने चालतो आणि मेमरी आहे ३२ किलोबाइट. मोबाइलने काढलेला ३ मेगाबाइटचा एक फोटो साठवायचा तर अशा नव्वदहून अधिक यंत्रांची मेमरी लागेल.

असं यंत्र आजच्या नेटवर्कला जोडता येतं ते कसं? त्याच्या मागच्या बाजूला पाच पिनांचं एक गोल सॉकेट आहे. दोन पिना माहितीच्या, एक येणारी आणि एक जाणारी. एक अर्थिंगची. उरलेल्या दोन ‘आता पाठव’, ‘जरा थांब’ एवढंच सांगण्यासाठी. हा प्लग उलटाही बसतो, म्हणून वरच्या बाजूला खूण करून ठेवावी. इथून निघालेली वायर एका छोट्या बोर्डावर जाते. त्यावर विजेची पातळी जुळवणारी एक चिप आणि २०१४ साली आलेली ईएसपी८२६६ ही वायफायची चिप असते. ही दुसरी चिप नखाएवढी, पण तिचा वेग ८० मेगाहर्ट्झ, म्हणजे ती ज्याची सेवा करते त्या कॉम्प्युटरच्या चाळीसपट! तिला फक्त २.४ गिगाहर्ट्झचं वायफाय कळतं, एवढं राउटरवर पाहून घ्यायचं.

आता कीबोर्डवर एफएक्स ७,७ आणि एफएक्स ८,७ हे दोन आदेश द्यायचे, प्रत्येकाच्या आधी तारांकित चिन्ह लावून. पहिल्याने येण्याचा आणि दुसऱ्याने जाण्याचा वेग ९६०० बॉड, म्हणजे सेकंदाला ९६०० बिट, ठरतो. मग टर्मिनलचा प्रोग्राम चालू करून हेजच्या रीतीप्रमाणे ‘एटी’ टाइप करायचं. चिप ‘ओके’ म्हणते. पुढे ‘एटीडीटी’ आणि पत्ता दिला की जुन्या यंत्राला वाटतं, फोन लावला जातोय. प्रत्यक्षात कुठलीही घंटी वाजत नाही. चिप गुपचूप टीसीपीची जोडणी करते आणि पडद्यावर ‘कनेक्ट’ उमटतं.

यवतच्या इंग्रजी स्पेलिंगमधलं पहिलं अक्षर, कॅपिटल ‘वाय’, दाबून पाहा. १९६३ साली ठरलेल्या आस्की संकेतात त्याचा क्रमांक ८९. हा आकडा आठ बिटांत मांडला जातो. पुढे एक बिट सुरुवातीची, मागे एक बिट शेवटची, अशा दहा बिटा वायरवरून एकामागोमाग जातात. प्रत्येकीला सेकंदाचा ९६००वा भाग मिळतो. चिप ते अक्षर घेते आणि त्याच्यापुढे आयपीचे २० आणि टीसीपीचे २० बाइट लावते: कुठून आलं, कुठे जायचं, कितवं आहे. एका अक्षरासाठी एकेचाळीस बाइटांचं पाकीट निघतं. ते जगात कुठेही उघडा, ८९चा अर्थ आजही तोच.

पण समोरचा सर्व्हर तर सेकंदाला कोट्यवधी बाइट ओतणारा आणि हे यंत्र सेकंदाला ९६० घेणारं. मग ते बुडत कसं नाही? पंगतीत जाणता वाढपी पानावर जागा पाहूनच वाढतो, तसा टीसीपीचा नियम आहे. माझ्याकडे आता एवढ्याच बाइटांची जागा आहे, हे घेणारा दर पावतीबरोबर कळवतो आणि देणाऱ्याला त्यापुढे जायची मुभा नसते. बीबीसी मायक्रोचा २५६ बाइटांचा बफर भरत आला की तो ‘थांब’ची पिन हलवतो. चिप थांबते, तिची स्वतःची जागा भरते, ती शून्य जागा कळवते आणि दूर देशातला सर्व्हर या यंत्रासाठी खोळंबतो. नेटवर्क वय विचारत नाही, वेग विचारत नाही. नियम पाळतोस का, एवढंच विचारतं.

९६०० हा आकडा आज हास्यास्पद वाटेल, पण भारताच्या इंटरनेटची सुरुवात त्याच आकड्याने झाली आहे. १९८६च्या सुमारास अर्नेट या शिक्षण-संशोधनाच्या नेटवर्क प्रकल्पात मुंबईची एनसीएसटी ही संशोधन संस्था आणि आयआयटी यांच्यात फोनलाइनवरून ई-मेल सुरू झाली. पुढे एनसीएसटीतून अमेरिकेला जोडणारी भाड्याची लाइन घेतली गेली, तिचा वेग सेकंदाला ९६०० बिट होता. देशभरातल्या संस्थांचे संशोधक त्या एका लाइनवरून जगाशी बोलत होते.

मर्यादाही खऱ्या आहेत. या यंत्रावर बँकेचं पान उघडणार नाही. आजची बहुतेक पानं कुलूपबंद, म्हणजे सांकेतिक रूपात येतात आणि ते कुलूप उघडायला लागणारं गणित दोन मेगाहर्ट्झला पेलवत नाही. ते काम मधल्या चिपने किंवा रास्पबेरी पायसारख्या छोट्या कॉम्प्युटरने करायचं आणि साधा मजकूर पुढे सरकवायचा. साध्या मजकुरावर चालणाऱ्या सेवा मात्र थेट उघडतात.

आणि मराठीचं काय? ‘यवत’ या नावात काना, मात्रा, वेलांटी काही नाही. तीन अक्षरं, युनिकोडच्या यूटीएफ-८ पद्धतीत प्रत्येकी तीन बाइट, एकूण नऊ. ते पोचायला सेकंदाचा शंभरावा भागही पुरतो. युनिकोड १९९१चा, म्हणून आपल्या यंत्राला ही अक्षरं ठाऊक नाहीत, पण शिकवता येतात. व्हीडीयू २३ या आदेशाने आठ बाय आठ ठिपक्यांच्या चौकटीत आठ आकडे देऊन य, व आणि त काढता येतात. युनिकोडमधली देवनागरीची मांडणी १९८८च्या इस्की या भारतीय मानकावरून घेतलेली आहे. आयआयटी कानपूरला सुरू झालेलं भारतीय लिप्यांचं हे काम पुढे पुण्याच्या सी-डॅकमध्ये बहरलं.

सगळ्यात थक्क करणारी गोष्ट घरचं वायफाय नसेल तेव्हा घडते. मोबाइलचा हॉटस्पॉट लावा. त्या मोबाइलमधला प्रोसेसर एआरएम घराण्यातला असतो. या घराण्याची पहिली चिप सोफी विल्सन आणि स्टीव्ह फर्बर यांनी एकॉर्नमध्येच घडवली, २६ एप्रिल १९८५ला ती पहिल्यांदा चालली आणि तेव्हा ती जोडलेली होती बीबीसी मायक्रोलाच. म्हणजे हे यंत्र आज ज्याच्या आधाराने जगाशी बोलतं, त्याचा मूळपुरुष याच यंत्राच्या मदतीने उभा राहिला.

हे सगळं जमतं, कारण नियम उघडपणे लिहिले गेले, सर्वांना दिले गेले आणि मोडले गेले नाहीत. यंत्रं जुनी होतात, नीट लिहिलेला करार टिकतो. म्हणून एक विनंती. शाळेच्या अडगळीत, कपाटाच्या तळाशी असा कॉम्प्युटर सापडला तर तो भंगारात देऊ नका. लगेच प्लगही लावू नका. त्याच्या पॉवर सप्लायमधले फिल्टर कपॅसिटर वयाने तडकतात आणि वीज मिळताच धूर काढतात. आधी ते जाणकार मेकॅनिककडून बदलून घ्या. मग वायर जोडा, ‘एटी’ टाइप करा आणि शेजारी आठवी-नववीतलं एखादं पोर बसवा. इंटरनेट आतून कसं चालतं, हे त्याला दाखवायला याहून चांगलं यंत्र नाही.