गेलेल्यांच्या नावानं

न्यू यॉर्क राज्याच्या पश्चिम भागात पाल्मायरा नावाचं गाव आहे. १८२३च्या नोव्हेंबरात तिथल्या स्मिथ कुटुंबातला थोरला मुलगा आल्विन पोटदुखीनं आजारी पडला. नेहमीचे डॉक्टर मिळाले नाहीत. दुसऱ्या डॉक्टरांनी कॅलोमेल हे पाऱ्याचं औषध दिलं. आल्विन नको म्हणत होता, तरी त्याला ते घ्यायला लावलं. औषध आतड्यात अडकलं आणि १९ नोव्हेंबरला, वयाच्या २५व्या वर्षी तो गेला. आईवडिलांसाठी तो घर बांधत होता, ते अर्धवट राहिलं.

अंत्यविधीला आलेल्या प्रेस्बिटेरियन पाद्र्यानं आपल्या प्रवचनात सुचवलं, की आल्विन चर्चचा सदस्य नव्हता, तेव्हा तो नरकात गेला असणार. आल्विनच्या धाकट्या भावानं पुढे सांगितलेल्या आठवणीत हे आहे. वडिलांना ते बोलणं जन्मभर लागून राहिलं. त्यांचं दुःख तिथंच संपलं नाही. आल्विनचं प्रेत कोणीतरी उकरून नेल्याची अफवा गावात पसरली, तेव्हा सप्टेंबर १८२४मध्ये बापानं शेजाऱ्यांना सोबत घेऊन मुलाची कबर स्वतः उघडली, देह जागेवर आहे याची खात्री केली आणि स्थानिक वर्तमानपत्रात तसं निवेदन छापलं.

त्या घरातला एक मुलगा आल्विन गेला तेव्हा १७ वर्षांचा होता. त्याचं नाव जोसेफ स्मिथ. १८३०मध्ये त्यानं जो पंथ स्थापन केला, त्याला जग मॉर्मन म्हणून ओळखतं. आज हे अनुयायी स्वतःला 'चर्च ऑफ जीझस क्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स'चे सदस्य म्हणवतात. त्यांच्या परलोकाबद्दल वाचत गेलं, की मला दर वेळी पाल्मायराची ती शवपेटी दिसते. पाद्र्याचं ते बोलणं खोटं ठरवण्यासाठीच जणू हा सगळा परलोक उभा राहिला आहे.

१६ फेब्रुवारी १८३२ रोजी ओहायो राज्यातल्या हायरम इथं जोसेफ आणि त्याचा सहकारी सिडनी रिग्डन यांना दर्शन झालं, असं हा पंथ मानतो. एक स्वर्ग आणि एक नरक ही विभागणी त्यात मोडली गेली. तिच्या जागी वैभवाची तीन राज्यं आली. सूर्यासारखं तेजस्वी ते सेलेस्टियल, चंद्रासारखं ते टेरेस्ट्रियल आणि ताऱ्यांसारखं ते टेलेस्टियल. खोटारडे, व्यभिचारी, जादूटोणा करणारे हे तिसऱ्या राज्यात जातात, पण तेही शेवटी वैभवाचंच राज्य. सत्य पूर्णपणे जाणूनही त्याच्याशी वैर धरणारे मोजके लोकच बाह्य अंधारात उरतात. त्या काळात अमेरिकेतले प्रवचनकार नरकाच्या ज्वाळांची वर्णनं करून गर्दी जमवत होते. सुरुवातीला खुद्द काही मॉर्मनांनाही ही उदारता पचली नाही.

तरीही प्रश्न राहिलाच. सर्वोच्च राज्यात जायला बाप्तिस्मा हवा. मग आल्विनचं काय? २१ जानेवारी १८३६ला कर्टलंडच्या नव्या मंदिरात जोसेफला सेलेस्टियल राज्य दिसलं आणि तिथं आल्विन दिसला. आईवडीलही दिसले, तेव्हा ते दोघं हयात होते, आणि वडील तर त्या दिवशी मंदिरातच होते. बाप्तिस्म्याविना गेलेला भाऊ इथं कसा, याचं जोसेफला नवल वाटलं. संधी मिळाली असती तर ज्यांनी ती मनापासून स्वीकारली असती, ते या राज्याचे वारस होतात, असं उत्तर त्याला मिळालं.

ही संधी मेल्यावर द्यायची कशी, हे १८४०मध्ये ठरलं. १५ ऑगस्टला इलिनॉयमधल्या नॉवू इथं सीमोर ब्रन्सन यांच्या अंत्यविधीत जोसेफनं मृतांसाठीच्या बाप्तिस्म्याची शिकवण पहिल्यांदा जाहीर सांगितली. करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रात, १५व्या अध्यायात, मृतांच्या वतीनं बाप्तिस्मा घेणाऱ्यांचा ओझरता उल्लेख आहे. त्याचा आधार त्यानं घेतला. जेन नेमन ही बाई आपल्या मृत मुलासाठी, सायरससाठी, मिसिसिपी नदीत उतरली. विधीचे शब्द नीट ऐकू यावेत म्हणून व्हिएना जॅक्स ही दुसरी बाई घोड्यावर बसून पाण्यात शिरली. मला या साऱ्या इतिहासातलं हे सगळ्यांत जिवंत दृश्य वाटतं. मंदिर नाही, कुंड नाही. वाहती नदी, ओल्या कपड्यांतली आई आणि साक्षीदार घोड्यावर. आल्विनसाठी त्याचा भाऊ हायरम पाण्यात उतरला.

पुढे विधीला शिस्त आली. पुरुषासाठी पुरुष, बाईसाठी बाई. मंदिराच्या तळघरात बारा बैलांच्या मूर्तींवर तोललेलं कुंड आलं. बैल इस्राएलच्या बारा वंशांचे. पांढऱ्या कपड्यांतली किशोरवयीन मुलंमुलीसुद्धा आज एकामागून एक नावासाठी त्या पाण्यात बुडी घेतात. मृताचा आत्मा तेव्हा आत्म्यांच्या जगात पुनरुत्थानाची वाट पाहत असतो, सज्जन नंदनवनात आणि बाकीचे तुरुंगात. तिथंही त्यांना उपदेश मिळतो. विधी स्वीकारायचा की नाकारायचा, हे त्या आत्म्यानं ठरवायचं असतं.

सर्वपित्रीला आपण बाप, आजा, पणजा यांची नावं घेऊन पाणी सोडतो. नाव आणि गोत्र ठाऊक असलं की पुरतं. मॉर्मनांना प्रत्येक माणसाची नेमकी ओळख पटवावी लागते. नाव हवं, आणि जन्ममृत्यूच्या तारखा, गाव, नातं यांचा आधारही हवा. म्हणून १८९४मध्ये युटामध्ये वंशावळ संस्था स्थापन झाली. १९३८पासून तिनं जगभरच्या नोंदींचं मायक्रोफिल्मिंग सुरू केलं. सॉल्ट लेक सिटीजवळ ग्रॅनाइटचा डोंगर पोखरून केलेल्या भुयारांत २४ लाखांवर फिल्मची रिळं ठेवलेली आहेत. हरिद्वारच्या पंड्यांच्या वह्यांचीही फिल्म या संस्थेनं घेतली आहे. यात्रेकरूंच्या पिढ्यान्‌पिढ्यांची नावं जपणाऱ्या या वह्या आणि त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या नामावळ्या एकाच जातीच्या. पूर्वजांचा शोध घेणारे जगभरचे लोक, धर्म कोणताही असो, या संग्रहाचे ऋणी आहेत. मी त्याला निःसंशय मोठं काम म्हणेन.

पण ज्याच्या नावानं बुडी घ्यायची, त्याला विचारायचं कोणी? ज्यू म्हणून मारल्या गेलेल्या लोकांच्या नावानं हे विधी झाल्याचं उघड झालं, तेव्हा ज्यू संघटना संतापल्या. १९९५मध्ये करार झाला आणि सुमारे ३,८०,००० नावं यादीतून काढली गेली. तरी २०१२मध्ये डॉमिनिकन रिपब्लिकमधल्या मंदिरात अ‍ॅन फ्रँकचं नाव पुन्हा आलं. महात्मा गांधींच्या नावानंही विधी झाल्याच्या बातम्या त्याच वर्षी आल्या. नकार द्यायची मुभा आत्म्याला असते, हे उत्तर मॉर्मन मनापासून देतात. परंतु धर्मापायी ज्यांचा जीव घेतला गेला, त्यांच्या नावाला त्यांच्या वारसांना न विचारता हात लावणं मला मान्य नाही.

आणखी एक गोष्ट. विवाह आणि कुटुंब मृत्यूनंतरही टिकावं म्हणून मंदिरात सीलिंगचा विधी होतो. सर्वोच्च पदासाठी तो अनिवार्य. पहिली बायको वारल्यावर पुरुष दुसरीशीही सील होऊ शकतो; हयात बाईला मात्र एकाच नवऱ्याशी सील होता येतं. अशाच एका विधुराशी लग्न करू पाहणाऱ्या बाईनं परलोकात मला वेगळं घर मिळेल का, असं पत्रातून विचारल्याचं चर्चचे नेते डॅलिन ओक्स यांनी ऑक्टोबर २०१९च्या भाषणात सांगितलं. सभागृहात हशा पिकला. देवावर भरवसा ठेव, असं आपण तिला सांगितल्याचं ते म्हणाले. मला त्या पत्रातली काळजी खरी वाटते.

या परलोकाच्या किल्ल्या जिवंतांच्या हातात आहेत. हीच त्याची माया, आणि धोकाही तिथंच. जेन मॅनिंग जेम्स ही कनेक्टिकटमधली स्वतंत्र कृष्णवर्णीय बाई १८४३मध्ये शेकडो मैल पायी चालून नॉवूला आली, जोसेफच्या घरी कामाला राहिली आणि १८४७मध्ये सॉल्ट लेकला पोचली. आपल्या मृत नातलगांसाठी बाप्तिस्मा घ्यायची परवानगी तिला मिळाली. पण मंदिरातले पुढचे विधी तिच्या वर्णामुळे नाकारले गेले. ती वर्षानुवर्षं नेत्यांकडे मागणं करत राहिली. स्मिथ कुटुंबाची मुलगी म्हणून आपल्याला सील करावं, अशी तिची इच्छा होती. १८९४मध्ये तिला त्या कुटुंबाची 'सेवक' म्हणून अनंतकाळासाठी जोडलं गेलं. ती हयात असूनही त्या विधीसाठी तिला मंदिरात येऊ दिलं नाही. तिच्या जागी दुसरी बाई उभी राहिली, आणि जोसेफच्या जागी त्याचा पुतण्या जोसेफ एफ. स्मिथ. याच पुतण्याला १९१८मध्ये, मुलाच्या मृत्यूनंतर, महायुद्ध आणि इन्फ्लुएंझाच्या दिवसांत, मृतांच्या उद्धाराचं दर्शन झालं असं हा पंथ मानतो.

जेन १९०८मध्ये वारली. कृष्णवर्णीयांवरची बंदी जून १९७८मध्ये उठली. तिनं मागितलेला मंदिरातला विधी १९७९मध्ये तिच्या नावानं झाला, तेव्हा तिला जाऊन ७१ वर्षं झाली होती.