मे महिन्यातली शाळेची बाग आणि तरवड

जुलैमध्ये शाळेच्या आवारात रोपे लावायची, ऑगस्टमध्ये त्यांना काट्यांचे कुंपण करायचे आणि पुढच्या जूनमध्ये शाळा उघडली की वाळलेल्या काड्या उपटून त्याच खड्ड्यांत नवी रोपे लावायची, हा क्रम अनेक शिक्षकांच्या परिचयाचा असेल. वर्षाला जेमतेम ५०० मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या पूर्वेकडच्या तालुक्यांत तर तो जवळजवळ ठरलेलाच. सुट्टीच्या दीड महिन्यात पाणी घालायला कोणी नसते. आणि ज्या गावात टँकरपाशी घागरींची रांग लागते, तिथे फुलझाडांसाठी बादलीभर पाणी मागायचे तरी कोणत्या तोंडाने?

अशाच एका शाळेने काही वर्षांपूर्वी आम्हाला सल्ला विचारला. उन्हात टिकणारी, वर्षानुवर्षे राहणारी आणि शोभेची झाडे त्यांना हवी होती. आम्ही रोपवाटिकेतून पिशवीतली रोपे आणवली आणि मुलांना पाळ्या लावून रोज संध्याकाळी तांब्याभर पाणी घालायला सांगितले. मार्चपर्यंत बाग छान होती, मेअखेर एकही रोप उरले नाही. कुंपणाच्या बाहेर, मुरमात मात्र तरवडाची झुडपे हिरवीगार उभी होती. आम्ही त्यांच्याकडे पाहत असताना शाळेचे शिपाईमामा म्हणाले, “त्याला कोण पाणी घालतंय साहेब?” आमची चूक कुठे झाली, हे त्या प्रश्नामुळे आम्ही प्रथम नीट तपासले.

पावसाळा संपला की जमीन वरून खाली वाळत जाते. वरचा वीतभर थर लवकर कोरडा पडतो, पण त्याखालची ओल पुष्कळ काळ टिकते. मुळे कोरड्या मातीत फारशी वाढत नाहीत. जिथे ओल असेल तिथे ती वाढतात आणि फुटतात. रोज तांब्याभर पाणी घातले की ते वरच्या चार बोटे मातीतच मुरते आणि मुळांचे जाळेही तिथेच तयार होते. मग सुट्टी लागते, पाणी थांबते आणि आठवड्याभरात नेमका तोच थर तापून कोरडा होतो. आम्ही रोज थोडे पाणी घालून रोपांना खोल न जाण्याची सवय लावली होती. शिवाय पिशवीत वाढलेल्या रोपाचे सोटमूळ तळाशी गेल्यावर गोल वळते, आणि असे वेटोळे झालेले मूळ पुढे सरळ खाली जातेच असे नाही.

तरवडाचे शास्त्रीय नाव सेना ऑरिक्युलाटा. जुन्या पुस्तकांत ते कॅसिया ऑरिक्युलाटा असे आढळेल. ऑरिक्युलाटा म्हणजे कान असलेली. पानाच्या तळाशी कानाच्या पाळीसारखी दोन मोठी उपपर्णे असतात, त्यावरून हे नाव पडले. माणसाच्या उंचीच्या आसपास वाढणारे हे झुडूप पावसाळ्यानंतर सोनेरी पिवळ्या फुलांनी भरून जाते. आपल्याकडे कित्येक गावांत नवरात्रातल्या घटाला या फुलांची माळ चढते. तेलंगणात बतुकम्माच्या सणात हीच फुले रचतात, आणि तंगेडू या नावाने ते त्या राज्याचे राज्यपुष्प आहे. त्याच्या सालीत टॅनिन भरपूर असल्याने दक्षिणेत ती कातडी कमावण्यासाठी वापरली जात असे. शेळ्या-गुरे सहसा त्याला तोंड लावत नाहीत, ही गोष्ट शाळेच्या दृष्टीने फुलांहूनही महत्त्वाची.

कोरड्या काळाला तोंड देण्याचे वनस्पतींचे मार्ग वेगवेगळे आहेत. तरवडाचा जवळचा नातेवाईक टाकळा. त्याचीही फुले पिवळी, पण तो पावसात उगवतो, शेंगा धरतो आणि हिवाळ्यात वाळून जातो. उन्हाळा काढते ते त्याचे बी. हे दुष्काळ चुकवणे झाले. निवडुंग पाणी साठवतो आणि पर्णरंध्रे रात्री उघडतो. तरवड यांपैकी काहीच करत नाही. तो मूळ खोल घालतो आणि पानांवरचा खर्च आखडता ठेवतो.

पानांची गोष्ट थोडी समजावून सांगायला हवी. बाष्पोच्छ्वासाने पान थंड राहते. पाणी वाचवण्यासाठी रंध्रे मिटली की हे थंड होणे थांबते आणि पान तापू लागते. प्रत्येक पानाला चिकटून स्थिर हवेचा एक पातळ थर असतो. पान रुंद असेल तर हा थर जाड होतो आणि पानातली उष्णता वाऱ्याकडे सहज जात नाही. तरवडाचे पान म्हणजे बोटाच्या पेराएवढ्या पर्णिकांच्या आठ-दहा किंवा थोड्या अधिक जोड्या. पर्णिका लहान, म्हणून थर पातळ, म्हणून पाणी न खर्चताही वारा तिला बरीच थंड ठेवतो. पर्णिकांच्या जोड्यांमध्ये लहानशा ग्रंथी दिसतात. त्यांतून गोड रस पाझरतो आणि त्यावर मुंग्या येतात.

येथे पाठ्यपुस्तकातल्या एका विधानाला मुरड घालावी लागते. शिंबावर्गीय वनस्पतींच्या मुळांवर नत्र स्थिर करणाऱ्या गाठी असतात, असे आपण शिकवतो. सेना प्रजातीतल्या वनस्पतींच्या मुळांवर अशा गाठी सहसा आढळत नाहीत. तरवड लावल्याने जमिनीत नत्र वाढेल, अशी आशा धरू नये.

पिवळ्या रंगाचा दुष्काळाशी थेट संबंध नाही. तो संबंध कीटकांशी आहे. मधमाश्यांना रंग दिसतात हे कार्ल फॉन फ्रिश यांनी १९१४ च्या सुमारास प्रयोगांनी दाखवले. पिवळा आणि निळा त्यांना ओळखता येतो, तांबडा नाही. तरवडाच्या फुलात मध मात्र नसतो. कीटकाला मिळतात ते फक्त परागकण, आणि तेही कुलुपात. परागकोश उभे फाटत नाहीत, त्यांच्या टोकाला केवळ बारीक छिद्र असते. काळा मोठा भुंगा, म्हणजे लाकूड पोखरणारी झायलोकोपा माशी, फुलाला घट्ट धरते आणि पंख न हलवता उडण्याचे स्नायू थरथरवते. त्या कंपनाने परागकण छिद्रातून उडतात. साध्या मधमाशीला हे जमत नाही, ती पाकळ्यांवर सांडलेले वेचते.

हे वर्गात दाखवता येते. प्रयोगशाळेतला ५१२ हर्ट्झचा नादकाटा वाजवून ताज्या फुलाच्या लांब परागकोशाला टेकवावा आणि खाली काळा कागद धरावा. कागदावर पिवळी भुकटी पडते. भौतिकीचा आणि वनस्पतीशास्त्राचा तास एकत्र घ्यायला याहून चांगले निमित्त आम्हाला ठाऊक नाही. मुलांना आणखी एक काम द्यावे. काही फुलांत कुक्षीवृंत डावीकडे वळलेला असतो, काहींत उजवीकडे. पन्नास फुले पाहून त्याचा तक्ता करावा.

पुढच्या वर्षी आम्ही रोपे आणलीच नाहीत, जागेवर बी पेरले. बियांचे कवच कठीण असते, पाणी आत शिरत नाही. म्हणून उकळून खाली उतरवलेल्या पाण्यात बी टाकून ते पाणी रात्रभर निवू द्यावे, किंवा प्रत्येक बी खरखरीत दगडावर घासावे. जूनमध्ये पहिला चांगला पाऊस झाल्यावर, हातभर खोल भुसभुशीत केलेल्या जागी तीन-चार बिया बोटाच्या पेराइतक्या खोल टाकाव्यात आणि पुढे सर्वांत जोमदार रोप ठेवावे. खत जवळजवळ नको, पण बुंध्याभोवती पालापाचोळा जाड पसरावा. पहिल्या हिवाळ्यात आम्ही दहा-बारा दिवसांतून एकदाच पाणी दिले, मात्र प्रत्येक रोपाला पूर्ण बादली. उन्हाळा जवळ आला तसे हे अंतर वाढवत नेले. सुट्टीत पाणी नव्हते. बावीसपैकी सतरा झुडपे जूनमध्ये हिरवी होती. दुसऱ्या वर्षापासून त्यांना पाणी दिलेले नाही.

जोडीला पिवळी कोरांटी चालते, तिचे काटे कुंपणाचे काम करतात. पिवळा कण्हेर, म्हणजे बिट्टी, उन्हात उत्तम टिकतो, पण त्याच्या बिया हृदयावर परिणाम करणाऱ्या विषाने भरलेल्या असतात, तेव्हा मुलांच्या आवारात तो लावू नये. कॉसमॉसचा मोह कित्येकांना होतो. मूळचा मेक्सिकोकडचा हा पाहुणा पुण्याच्या टेकड्यांवर कसा पसरला आहे, ते एकदा पाहून यावे.

तरवडाच्या पानांवर हिरव्या अळ्या दिसल्या तर औषध मारू नका. त्या बहुधा कॅटॉप्सिलिया गटातल्या फिकट पिवळ्या फुलपाखरांच्या असतात, आणि पाने पुन्हा फुटतात. बियांसाठी चपट्या, कागदासारख्या शेंगा तपकिरी झाल्यावर काढाव्यात. बीवर टाचणीएवढे गोल छिद्र असेल तर आतून भुंगेऱ्याने ते पोखरलेले असते, ते बाजूला काढावे.